सहा वर्षं भाकरीला न शिवलेला शमुवेल

१९७८ साल, आणि मला बासष्ट पुरी. शुक्रवारची दुपार होती, मी घरातल्या मागावर बसलो होतो. मार्था, म्हणजे माझी बायको, सात रस्त्यावरून भाजी घेऊन आली, पिशवी दारातच ठेवली आणि म्हणाली, "शमुवेलभावजी गेले." मी हात थांबवला नाही. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं... दहा-बारा वेळा गेला असेल. शेवटी तिनंच येऊन फणीवर हात ठेवला. "आता तरी थांबा की," म्हणाली. माग थांबला तेव्हा कळलं की घरात किती शांत असतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. लेक म्हणाली, बाबा, वर्तमानपत्राच्या पुरवणीला द्यायचं तर तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको. तिसरीतून शाळा सोडलेला माणूस आहे मी, माझं अक्षर लावताना छापखान्यातल्यांना घाम फुटेल, पण शमुवेलबद्दल जे सांगायचं ते माझ्याच हातानं उतरलं पाहिजे. कुणी त्यात सुधारणा करू नये.

शमुवेल आणि मी लहानपणापासूनचे. एकाच चर्चमध्ये बाप्तिस्मा, एकाच शेडमध्ये चाळीस वर्षं काम. मी विणकर, तो पुठ्ठे ओवणारा. आमच्या सोलापुरी चादरीवर मोर, वेल, फुलं उठतात ना, ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळं. शेकडो पुठ्ठे नंबरानं एकामागं एक दोऱ्यात ओवायचे, त्यांची लांब माळ करायची, ती मागाच्या डोक्यावर चढवायची. एक पुठ्ठा मागंपुढं झाला की मोराची मान मोडली. शमुवेलच्या हातून चाळीस वर्षांत एकही मान मोडली नाही. ओवताना तो गीतं गुणगुणायचा, सूर धड नसायचा, आणि शेजारचे तेलुगू कारागीर ओरडायचे, "शमुवेलन्ना, तुमचा देव बहिरा झाला असेल आतापर्यंत!" तो हसून म्हणायचा, "म्हणून तर रोज गातो, एखाद्या दिवशी ऐकू येईल." प्रार्थना मात्र त्याची दोन ओळींची. माझी लांबलचक असायची. चर्चमध्ये मी प्रार्थनेला उभा राहिलो की बायका पोरांना मांडीवर झोपवून घ्यायच्या. तो मला म्हणायचा, "दाव्या, देवाला समदं ठावं हाय. त्याला बातम्या कशाला वाचून दावतोस?"

बहात्तर साली नाताळासाठी आमच्या चर्चच्या मंडळीनं प्रभुभोजनाच्या मेजावर घालायला नवीन कापड करायचं ठरवलं. काम मला दिलं. मी कुणाला नाही म्हणत नाही, आणि हे काम दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर मी त्याला कधी माफ केलं नसतं. नक्षी ठरली: दोन्ही बाजूंना द्राक्षाचा वेल आणि मधोमध मोठ्या अक्षरांत 'शांती'. शमुवेलनं आठ दिवस बसून पुठ्ठे ओवले, मी माळ चढवली आणि विणलं. आमच्याकडं कापडाची चांगली बाजू विणताना खाली असते, वरून अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. या वेळी वरून ती सरळ दिसत होती. जाणत्या विणकराला तिथंच शंका यायला हवी होती. मला उलट बरं वाटलं की अक्षरं वाचता येतायत.

नाताळाच्या आदल्या रविवारी भरल्या चर्चमध्ये कापड मेजावर पसरलं. वेल झकास होता. अक्षरं मात्र उलटी. तरणी पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली. पाळकसाहेब म्हणाले, "दाविदराव, हे काय झालं?" आणि मी, सगळ्यांच्या देखत, शमुवेलकडं बोट केलं. "माळ यानं ओवली. उलटी ओवली. त्याला विचारा."

शमुवेल एवढंच बोलला, "आसंल बाबा... माझंच चुकलं आसंल."

त्याच संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन माळ खाली काढली. एकापासून शेवटपर्यंत नंबर जिथल्या तिथं होते. माळेला तोंड असतं आणि शेपूट असतं. मी शेपटाकडून चढवली होती. मी सगळे पुठ्ठे सुटे केले, पोत्यात भरले आणि गप्प घरी आलो.

माणूस ज्याचं वाईट करतो त्याचाच राग धरतो, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. पण तसंच झालं. त्यानंतर मंडळीचं काम शमुवेलला कुणी दिलं नाही. तो दोनदा माझ्या दारी आला. पहिल्यांदा मी आतून सांगितलं, घरी नाही म्हणून. दुसऱ्यांदा तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "दाव्या, तुझ्या मनात माझ्याबद्दल काय हाय ते काढून टाक. मी हात जोडतो." मी म्हटलं, "वाट धर."

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभू येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच ताटातली भाकर खायची. भाकरीचं ताट फिरवायच्या आधी पाळकसाहेब दरवेळी म्हणतात, ज्याचं भावाशी वाकडं असेल त्यानं आधी समेट करावा, मगच हात पुढं करावा. मग थोडा वेळ थांबतात. त्या वेळात कुणी हलत नाही, फार तर खोकतं. ताट आलं की मी पुढच्या बाकावरून, मान ताठ ठेवून, भाकर उचलत होतो. शमुवेल शेवटच्या बाकावर बसायला लागला आणि ताट तसंच पुढं देऊ लागला. एक महिना नाही, दोन महिने नाही. सहा वर्षं. लोक बोलायला लागले. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे बाहेर काहीतरी भानगड. मला सगळं ऐकू येत होतं.

तो आजारी पडला तेव्हा मार्थानं मला बुधवारी दवाखान्यात जवळजवळ ढकलतच नेलं. "तुमचा माग पळून जात न्हाय," म्हणाली. खाटेवर शमुवेल म्हणजे नुसती हाडं. मला बघून हसला. "आलास? लई दिवस लावलंस की."

मी विचारलं, "भाकर का घेत न्हाईस तू?"

"तुझा माझ्यावर राग हाय. मग मी कसा हात लावू?"

"राग माझा हाय. पाप आसंल तर माझं. तू का उपाशी?"

"ताट येकच हाय की रं, दाव्या. तुझ्यासंगट न्हाय जमलं तर त्याच्यासंगट कसं जमंल?" मग म्हणाला, "माळ कुणी उलटी चढवली ते मला त्याच दिवशी कळलं हुतं. नंबर मीच घातले हुते ना."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

पाळकसाहेब शनिवारी वॉर्डात येऊन त्याला भाकर देणार होते. तो म्हणाला, "तूबी ये. दोघं मिळून घिऊ." मी येतो म्हणालो. माफी माग असं त्यानं म्हटलं नाही आणि मीही मागितली नाही. मनात म्हटलं, शनिवारी मागू, पाळकसाहेबांच्या समोर, रीतसर... शुक्रवारी तो गेला.

शनिवारी संध्याकाळी माती दिली. बाहेर पडताना पुढं दोन बायका हात झटकत चालल्या होत्या. एक म्हणाली, "माणूस गरीब हुता गं. पर काय लपवलं हुतं कुणास ठाऊक, सहा वर्षं भाकरीला शिवला न्हाय." दुसरी म्हणाली, "आसंल मोठं पाप. उगीच कोण ऱ्हाईल?"

माझे पाय तिथंच थांबले. फाटकापाशी पाळकसाहेबांना गाठलं आणि विचारलं, "साहेब, भाऊच मेला तर समेट कुणाशी करायचा?"

त्यांनी कुठला भाऊ ते विचारलं नाही. म्हणाले, "तुमच्या शब्दावरून ज्यांनी त्याला नावं ठेवली, ती माणसं जिवंत आहेत ना?"

"हायत की. सगळं चर्च हाय."

"मग उद्या पहिला रविवार आहे, दाविदराव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, आणि मार्थाला काही न सांगता पुढच्या बाकावर जाऊन बसलो. पाळकसाहेब ते वाक्य म्हणाले आणि थांबले. मी उभा राहिलो. म्हणालो, "त्या कापडाची माळ मी उलटी चढवली होती. शमुवेलची चूक नव्हती. तो माझ्यामुळं उपाशी राहिला आणि मी खात राहिलो." मग पार शेवटून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "काय म्हणतोय तो?"

म्हणून मी मागं तोंड केलं, आणि मोठ्यानं, पहिल्यापासून, सगळं पुन्हा सांगितलं.