पास्कल मास्तरांची पहिली लाट

आमच्या माणिकपूरच्या शाळेत स्टाफरूमचं कपाट उघडलं की जुने नकाशे अंगावर कोसळायचे. तिथले किस्सेही तसेच, एक काढायला जावं तर चार येतात! त्यातले निम्मे भूगोलाच्या पास्कल मास्तरांचे. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी तिथे नवाच मास्तर होतो, तेव्हाचे.

*

भूकंप शिकवायला त्यांनी पोरं व्हरांड्यात एकामागे एक उभी केली आणि शेवटच्याला धक्का दिला. धक्का पुढे गेला, पोरं जागच्या जागी! "ही पहिली लाट. ढकलत येते, वेगाने येते."

सगळ्यात पुढचा पोरगा मात्र पायरीवरून खाली.

"सर, लाट संपली कुठे?"

"तुझ्या गुडघ्यावर!"

*

दुसरी लाट दाखवायला त्यांनी विहिरीचा दोर खिडकीच्या गजाला बांधून आडवा झटकला. "ही मागून येते, सावकाश. पण घरं पाडते ती जास्त करून हीच. दोघींच्या मधे जेवढा वेळ, तेवढ्यात बाहेर पळायचं."

हेडमास्तर दारातून ऐकत होते. "आणि भूकंप आपल्या पायाखालीच झाला तर?"

पास्कल मास्तरांचा चेहरा उतरला. "मग मधे वेळच नाही, सर."

त्या दिवशी कोणी चहा घेतला नाही.

*

भीती खरी बसली ती त्यांच्याच मनात. घरी म्हातारी आय अंथरुणाला खिळलेली, डोक्यावर जड कौलं. तिला त्या मधल्या वेळात बाहेर कसं आणायचं, या काळजीने माणूस वाळत चालला. स्टाफरूमचं टेबल जरा थरथरलं की "पहिली!" म्हणून ओरडायचे. एकदा आम्ही सगळे बाहेर धावलो, हेडमास्तर टेबलाखाली.

"मालगाडी होती, सर."

"माहीत आहे. मी खडू शोधतोय!"



*

मग त्यांनी तालीम सुरू केली. आयच्या वजनाएवढं तांदळाचं पोतं तिच्या खाटेशेजारी ठेवलं. रोज शाळेतून आलं की पोतं खांद्यावर घ्यायचं, धावत अंगणात जायचं, चिकूखाली अलगद टेकवायचं.

"मलाच उचल की रे!" आय म्हणायची.

"नको आय, तुझी हाडं दुखतील."

*

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. कप बशीत खणकन वाजला. मालगाडी नव्हती.

"पहिली!" मास्तर किंचाळले आणि आत धावले. मी अंगणात. पाठोपाठ जमीन आडवी हलायला लागली, दोन-चार कौलं सटासट खाली आली.  तेवढ्यात मास्तर बाहेर आले. खांद्यावर ओझं, डोळे भीतीने गच्च मिटलेले. नेहमीच्या सवयीने चिकूखाली पोचले, ओझं अलगद टेकवलं, त्यावर हात फिरवत राहिले. "भिऊ नकोस आय, आलो बघ बाहेर. भिऊ नकोस."

जमीन थांबली. घरातून आवाज आला,

"पास्कू, तांदूळ बरे आहेत ना रे?"