एका ताऱ्याची गाडी

न समजलेल्या गोष्टीचा अण्णामामाला कधी त्रास झाला नाही. त्रास व्हायचा तो समजलेल्या गोष्टीचा. डॉक्टरांनी दिलेली गोळी तो निमूट घ्यायचा; पण पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद वाचला की त्याचं जेवणावरून लक्ष उडायचं. "वाचायलाच नको होतं," असं म्हणत तो तोच कागद पुन्हा वाचायला घ्यायचा.

माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्याची सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर तो कोथरूडच्या एका सोसायटीत राहायला आला. त्याच्या मुलाने, निखिलने, हौसेने छोटी लाल गाडी घेतली. पण हिंजवडीला तो कंपनीच्या बसने जाऊ लागला आणि गाडी मामाची झाली. मामीला मंडईत नेणं, नात ईराला शाळेत सोडणं, रविवारी गाडी पुसणं, यात मामाचे दिवस छान चालले होते. "आपल्या घरात सगळ्यात कमी कुरकुर हीच करते," असं तो गाडीबद्दल म्हणायचा. मामीला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

मग एका दुपारी मी त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मोठ्या दालनात एक छोटी गाडी वेगाने येते आणि ठोकळ्यावर आदळते. आत माणसांएवढे दोन पुतळे आणि मागे लहान मुलांएवढे दोन. आदळताना गाडीचं नाक चेपतं, काचेजवळचा पुढचा खांब वाकतो, छोट्या पुतळ्याची मान पुढे फेकली जाते. गाडी मामाच्याच गाडीसारखी होती. सुरक्षिततेच्या या चाचणीत तिला पाचपैकी एक तारा मिळाला होता.

मामाने व्हिडिओ परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"पट्टे बांधले होते ना त्यांना?"

"होते."

"मग मान अशी का गेली?"

त्या दिवसापासून तो याच्या मागे लागला आणि जितकं वाचलं तितका गोंधळत गेला. चाचणीतल्या गाडीत एअरबॅग नव्हती, आपल्या गाडीत ड्रायव्हरपुढे एक आहे. मग आपला तारा वाढला का? वाढला तर माझा वाढला, मागे बसणाऱ्या ईराचं काय? एका ठिकाणी लिहिलं होतं की पुढचा भाग चेपतो हे चांगलंच, तो धक्का पचवतो. दुसरीकडे लिहिलं होतं की या गाडीचा सांगाडाच टिकत नाही. "म्हणजे चेपावं की चेपू नये?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, पुढे चेपावं, माणसं बसतात तिथे चेपू नये. त्यावर तो खाली जाऊन गाडीचा खांब बोटांनी दाबून आला.

ईराला त्याने गाडीत घेणं बंद केलं. रिक्षाने, नाहीतर चालत. ईराला वाटलं, आजोबा रागावले. आपण सीटवर सांडलेल्या सरबताबद्दल तिने त्याची माफीसुद्धा मागितली. मामा गडबडून गेला. "तू काही केलं नाहीस गं, गाडीनेच केलंय," असं म्हणाला. ते त्या पोरीला काय कळणार?

शेवटी निखिल वैतागला. "बाबा, विकून टाका."

"कुणाला?"

"कुणालाही. अहो, रोज कितीतरी विकल्या जातात."

"त्या मी विकत नाही," मामा म्हणाला. "ईराला ज्यात बसवत नाही, त्यात दुसऱ्याची पोरं बसवू?"

कित्येक महिने गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. शेजारी मामाला हसायचे. मग कुणाकडून तरी ऐकून वारज्याच्या पुढच्या गावातला संतोष गाडी बघायला आला. मोटरसायकलवरून आला. मागे बायको सविता, आणि पुढे टाकीवर त्यांचा लहानगा, हँडल धरून.

मामाने आधी गाडी दाखवली नाही, व्हिडिओ दाखवला. संतोषने तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला.

"काका, खोटं न बोलता दाखवलंत, बरं वाटलं," तो म्हणाला. "पन आमी आत्ता तिघं हिच्यावर फिरतो. हायवेनं सासुरवाडीला जातो. त्यापरीस ही बरी हाय का नाय, तेवढं सांगा."

मामा मोटरसायकलकडे बघत राहिला. मग हळूच मला विचारलं, "हिची घेतात का गं अशी चाचणी?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तो पायरीवर बसला. इतकं हरलेलं मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. मग उठला आणि म्हणाला, "आठवड्याने या."

त्या आठवड्यात त्याने मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बसवून घेतली आणि ती घट्ट बसली की नाही हे माझ्याकडून हलवून तपासून घेतलं. गाडी दिली. पण काळजीतून सुटला नाही. दर रविवारी सकाळी संतोषला फोन. "सगळे ठीक ना? पोरगं खुर्चीत बसतं ना?" संतोष सुरुवातीला तुटक बोलायचा. पुढे फोन लांबत गेले. पाऊसपाणी, भाताची लावणी, पोराचे दात. फोन ठेवला की मामा मला विचारायचा, "बरोबर केलं का गं मी?" मी हो म्हणायचे. त्याला ते पटायचं नाही. खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं, अजून नाही.

मग एका दुपारी मामा झोपला तो उठलाच नाही. त्यानंतरच्या रविवारी घरात माणसं बसलेली असताना त्याचा फोन वाजला. मामीने मला घ्यायला सांगितलं.

"काका, मी सविता. आज तुमचा फोन नाय आला. हे गाडी चालवत्यात, म्हणून मी लावला."

मी कोण ते सांगितलं, आणि मामा गेल्याचं सांगितलं. पलीकडे ती दबक्या आवाजात म्हणाली, "आवो, गाडी बाजूला घ्या." इंडिकेटरची टकटक ऐकू आली, मग इंजिन बंद झालं.

मागून पोराने विचारलं, "पप्पा, आलं का घर? पट्टा काढू?"

"नको," संतोष म्हणाला. "बस तसाच."