घरमालकांची फायरप्लेस

स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होतो तेव्हा माझा सगळा दिवस विटांच्या भिंती मोडण्यात जायचा. प्रयोगशाळेत भिंत बांधायची, सुकू द्यायची, यंत्राखाली घालून दाबायची आणि तडा कुठून कुठे जातो ते बघत बसायचं. संध्याकाळी टेकडीवरच्या चढावाने पाय ओढत घरी यायचो, तेव्हा कुणी विटेचं नावसुद्धा काढलेलं मला नको असायचं. अशाच एका शनिवारी घरमालकीणबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"हेर डॉक्टर, आमची भिंत जरा बघता का?"

डॉक्टरेट अजून माझ्या पदरात पडायची होती, पण 'हेर डॉक्टर', म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणून बाईंनी ती आधीच बहाल करून टाकली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं मनाशी म्हणत मी त्यांच्या मागोमाग दिवाणखान्यात गेलो.

त्या खोलीत जुन्या काळची विटांची फायरप्लेस होती. बंद लोखंडी शेगड्या आल्यावर बाईंच्या सासऱ्यांनी ती बुजवून टाकली होती, आणि आता बाईंच्या भावाने हातोडा घेऊन ती पुन्हा उघडली होती. हा सगळा खटाटोप नवऱ्यासाठी होता. घरमालक रशियातल्या कैदेतून परतले ते युद्ध संपून कितीतरी वर्षं झाल्यावर. फारसं बोलत नसत. सारखी थंडी वाजायची त्यांना, पण स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी बसवलं की थोड्या वेळाने उठून जायचे. बाईंनी कारण विचारलं तर एवढंच म्हणाले होते, "हिच्यात आग दिसत नाही." बाईंनी ते मनावर घेतलं. नाताळपर्यंत नवऱ्यापुढे दिसणारी आग हवी, दुसरं काही नको.

मी भिंत बघितली आणि माझा उरलासुरला उत्साह मावळला. भावाला फायरप्लेसचं तोंड अरुंद वाटलं असावं. डाव्या अंगाच्या विटा काढून त्याने ते ऐसपैस केलं होतं. वरची कमान ज्या खांद्यावर टेकते तोच खांदा त्याने तोडला होता. त्या कमानीवर थेट छपरापर्यंत गेलेलं धुराडं, आणि ते जायचं माझ्या खोलीतून, माझ्या उशाशी. मी विटांमधल्या दरजांमध्ये खिळा खुपसला. चुना पिठासारखा गळला. युद्धात जवळच बॉम्ब पडला होता, तेव्हापासून सगळंच खिळखिळं झालेलं असणार. कमानीपासून पायऱ्या-पायऱ्यांनी एक तडा वर चढत गेला होता.

हे सगळं होताना घरमालक खुर्ची पुढे ओढून त्या रिकाम्या काळ्या पोकळीसमोर बसले होते. हात पुढे धरलेले, जणू आत जाळ आहे. तेव्हाच "नाही" म्हणून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं. पण त्या हातांकडे बघून माझ्याने म्हणवेना.

"आल्झो, तर मग आधी टेकू लावतो," मी म्हणालो. "मग तडा वाढतोय का ते बघू."

प्रयोगशाळेतून लाकडी टेकू आणले, कमानीखाली ठोकले. तड्यावर आडवे जिप्समचे ठिपके लावले. भिंत हलली तर जिप्सम तडकतं, नाही हलली तर जसंच्या तसं राहतं. इतकी सोपी युक्ती, की कुणीही समजून घ्यावी. रात्रीपुरता पलंग ओढून मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि आठवडाभर थांबलो. ठिपके अभंग राहावेत म्हणून मी चक्क प्रार्थना करत होतो. माझ्या भिंतींसाठी अशी कधी केली नव्हती.

आठवड्याने येऊन बघतो तर भिंत लख्ख. ठिपके नाहीत, तडाही नाही.

त्या आठवड्यात सार्वजनिक जिना झाडण्या-पुसण्याची पाळी बाईंकडे होती. पाळीची पाटी दाराला लागली की श्वाबियातली, म्हणजे स्टुटगार्टकडची, बाई फक्त जिन्यावर थांबत नाही. सगळं घर घासून निघतं. बाईंनी ओल्या फडक्याने माझे ठिपके पुसले होते आणि तडा पुट्टी भरून असा गुळगुळीत केला होता की गवंड्यानेही शाबासकी द्यावी.

"भिंत घाणेरडी दिसत होती," त्या म्हणाल्या. "आता कशी छान झाली! म्हणजे नाताळला पेटवायची ना?"

मी खुर्चीत बसकण मारली. रागावायलाही अंगात त्राण नव्हतं. मी पुट्टी खरवडून काढली, नवे ठिपके लावले आणि बाईंना हात जोडून विनवलं की कृपा करून या भिंतीला शिवू नका. त्या दुखावल्या, पण शिवल्या नाहीत.

पुढच्या वेळी सगळे ठिपके मधोमध तडकलेले होते. टेकू असूनही खांदा खचत होता. फायरप्लेस वापरायची तर छपरापर्यंतचं धुराडं उतरवून नव्याने बांधायला हवं होतं, आणि ते त्या घराच्या आवाक्यातलं नव्हतं. मी दोघांना समोर बसवून सांगितलं: आग पेटवायची नाही, तोंड पुन्हा बुजवायचं, लगेच. बाई रडल्या. घरमालकांनी शांतपणे सगळं ऐकलं, "गेनाऊ", म्हणजे "बरोबर", एवढंच म्हणाले आणि खुर्ची उचलून जागेवर ठेवली. मला फार वाईट वाटलं. इतकं बरोबर उत्तर देऊन इतकं वाईट मला कुठल्याही परीक्षेत वाटलं नव्हतं.

भावाने तोंड बुजवलं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. घरमालक उभे होते. ते आत आले आणि कोपऱ्यातल्या माझ्या छोट्या शेगडीसमोर बसले. तिचं धुराडं वेगळं, धड होतं. मला प्रबंधाचं प्रकरण संपवायचं होतं, एकांत हवा होता. पण या माणसाला एकदा नाही म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा जीभ रेटेना. मी उठलो आणि शेगडीचं दार उघडून ठेवलं. असं केल्याने कोळसा भराभर जळतो, खोलीत धूर येतो, हे मला कळत होतं. पण आग दिसत होती.

मग ते रोजच येऊ लागले. मी टेबलाशी आकडेमोड करायचो, ते आगीकडे बघायचे. खोकत खोकत लिहिलेलं ते प्रकरण काही केल्या पुढे सरकत नव्हतं. एका संध्याकाळी माझं डोकं वहीवरच कलंडलं. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकलो.

"तुम्ही दमला आहात," घरमालक म्हणाले. "झोपा. आगीकडे मी बघतो."

घर सोडल्यापासून मला 'झोप' असं कुणी म्हटलं नव्हतं. मी शेगडी त्यांच्यावर सोपवली आणि झोपलो.