चुकांच्या वहीतल्या चार कोऱ्या ओळी

परशराम सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते टेबलाखाली होते. बेळगावात एका किराणा दुकानाच्या वर त्यांचं तीन खोल्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला उभा, आणि कंपनीचे मालक खालून वायर ओढत विचारत होते, "कुठलं गाव रं तुझं?"

"कणकुंबीच्या अलीकडचं, सर."

"म्हणजे पहिल्या बसनं आलास. न्याहारी केलीस काय?"

एवढीच मुलाखत झाली. समोरच्या हॉटेलातून उप्पीट आलं, ते मी खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. पुढची सहा वर्षं मी सरांच्या हाताखाली होतो. सर यंदा साठ वर्षांचे होत आहेत. त्यांच्यावरच्या या गौरव अंकासाठी लिहायला सांगताना संपादक म्हणाले, "चांगल्या आठवणी लिहा." चांगल्या आठवणी पुष्कळ आहेत. मला जी लिहायची आहे ती मात्र चांगली नाही, आणि तिच्यात वाईट वागलेला माणूस मी आहे.

आधी सरांविषयी. बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या शेतकरी घरातले सर गावातले पहिले सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण घरच्या दोन म्हशींची धार त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवली नाही. संध्याकाळचे सहा वाजले की ते धारेसाठी ऑफिसातून उठायचेच. एकदा एक ग्राहक फोनवर तावातावाने बोलत होते. सर त्यांना शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचं काम सकाळपर्यंत थांबंल, म्हस थांबत न्हाय." आम्हालाही ते सहानंतर बसू देत नसत. दमलेल्या माणसाने लिहिलेला प्रोग्राम ताज्या माणसाला दोन दिवस निस्तरावा लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं.

नवं काही घ्यायचं तर आठ दिवस थांबायचं, नवव्या दिवशी आठवण राहिली तरच घ्यायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. मी एका महागड्या फोनसाठी हटून बसलो होतो, तो मी नवव्या दिवशी खरोखरच विसरलो. सरांचा स्वतःचा नियम मात्र स्क्रू ड्रायव्हर दिसला की गळून पडायचा. ऑफिसात अकरा होते, आणि पंखा तरीही कुरकुरायचा.

माझे वडील बेळगावात दवाखान्यात होते तेव्हा सर बारा दिवस रोज सकाळी सांबऱ्याहून दुधाची किटली घेऊन येत. खोलीत फार वेळ थांबत नसत. किटली ठेवायची, वडिलांना "काय आप्पा, बरं हाय न्हवं?" विचारायचं आणि निघायचं. या माणसाशी मी पुढे कसा वागलो ते आता सांगतो.

आमच्या ऑफिसात दोन रिवाज होते. पहिला असा की, केलेलं काम ग्राहकाच्या हाती देण्याआधी, ते जो माणूस रोज वापरणार त्याच्या शेजारी अर्धा तास बसायचं. काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. मग सर विचारत, "शेजारी बसलतास काय रं?" 'व्हय' म्हटल्याशिवाय काम बाहेर जात नसे. दुसरा रिवाज चुकांच्या वहीचा. ज्याची चूक त्यानेच आपल्या हाताने लिहायची आणि खाली सही करायची. दुसऱ्याचं नाव तिथे लिहायचं नाही. सरांना कागद वाया गेलेला खपत नसे, त्यामुळे त्या वहीत दोन नोंदींमध्ये बोटभरही जागा सुटत नसे.

शहरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचा टोकनचा प्रोग्राम आमचा होता. सरांनी तो स्वतः लिहिला होता आणि बारा वर्षं लेकरासारखा सांभाळला होता. नोंदणीच्या खिडकीत शोभाआक्का बसत. त्यांचा स्क्रीन मला फार दाटीवाटीचा, गचडी झालेला वाटला, म्हणून मी तो नीटनेटका केला. त्यात 'गाव' हा रकाना काढून टाकला. प्रोग्राममध्ये त्याचा कुठेच उपयोग नव्हता.

शनिवारी शोभाआक्कांच्या शेजारी बसायला जायचं होतं, पण त्याच दिवशी माझी पुण्याच्या एका कंपनीबरोबर ऑनलाइन मुलाखत होती. रुग्णालयात जायचं सोडून मी घरी जाऊन लॅपटॉपसमोर बसलो. सोमवारी सकाळी सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"व्हय सर, बसलतो," मी म्हणालो.

त्या रकान्याचा उपयोग शोभाआक्का करत होत्या. नंबर काहीही असो, लांबच्या गावचा पेशंट दिसला की त्या त्याला आधी आत पाठवत, म्हणजे त्याला संध्याकाळची शेवटची बस मिळे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. अर्धा तास शेजारी बसलो असतो तर पहिल्या दहा मिनिटांत दिसलं असतं. आणि मी त्याच बसने ये-जा करून शिकलेला. निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

नवा स्क्रीन त्याच सोमवारी सुरू झाला. त्या दिवशी शोभाआक्कांना नुसते नंबर आणि नावं दिसत होती. कणकुंबीकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याची बस चुकली. आजोबांच्या डोळ्याला पट्टी होती, आजी त्यांचा हात धरून स्टँडवर बसून राहिल्या. सरांना कळलं तसे ते गेले, दोघांना सांबऱ्याला घरी नेलं आणि सकाळी स्वतः बसमध्ये बसवून दिलं. विश्वस्तांपुढे ते एवढंच म्हणाले, "चूक आमच्या ऑफिसची हाय. माणसाचं नाव मी सांगणार न्हाय." महिन्याभरात ते काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस रुग्णालयावरून जाणारा रस्ता टाळून सर घरी जात.

वहीत सरांनी लिहिलं होतं, "नेत्र रुग्णालय. मी नुसतं विचारलं, जाऊन पाहिलं नाही." खाली त्यांची सही होती. त्याच्याखाली चार ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. मी त्या पाहिल्या, कुणासाठी सोडल्यात हेही कळलं, आणि मी पान उलटलं.

पुण्याची नोकरी मिळाली तेव्हा सरांनी मला शिफारसपत्र दिलं. माझी मेहनत, माझी हुशारी, सगळं मनापासून लिहिलं होतं. शेजारी बसण्याविषयी त्यात एक शब्द नव्हता. "तुमच्याकडचं कोण बी आलतं न्हाय," असं शोभाआक्कांनी सरांना त्या सोमवारीच सांगितलं होतं, हे मला आक्कांकडूनच फार उशिरा समजलं. सरांनी त्याचा जाब मला कधी विचारला नाही. एवढं मात्र खरं की त्या दिवसानंतर मी ऑफिसात होतो तोवर "शेजारी बसलतास काय रं?" हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला, मला विचारला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आज माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत. वापरणाऱ्याच्या शेजारी अर्धा तास बसा, असं मी त्यांना सांगतो आणि लोक माझी वाहवा करतात. प्रत्येक वेळी मला लाज वाटते. सरांना फोन करायचा असं दरवर्षी ठरवलं आणि दरवर्षी टाळलं. आज सगळ्यांसमोर लिहितो आहे ते धीर आला म्हणून नव्हे, आणखी उशीर करायची भीती वाटते म्हणून.

सर, तुमची प्रकृती उत्तम राहो, म्हशी भरपूर दूध देवोत आणि बारावा स्क्रू ड्रायव्हर तुम्हाला लाभो. तुम्ही शंभर वर्षं जगा. त्या आयुष्यातला अर्धा तास मात्र मला द्या. पहिल्या बसने येतो, तुमच्या शेजारी बसतो, तुम्ही वही काढा. त्या चार ओळी अजून कोऱ्याच असतील, मला माहीत आहे. तुमच्या वहीत दुसऱ्याची चूक कुणी लिहीत नाही.