स्पीरूची खुर्ची

गोझो बेटावरच्या त्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या देवळात स्पीरू एकतीस वर्षं राखणदार होता, आणि एकतीस वर्षं त्याची खुर्ची एकाच दगडाला टेकलेली असायची. तिथं वारा लागत नाही, असं तो सांगे. कुणी दगडाला बोट लावलं की बसल्या जागेवरून गरजायचा, "ए बाबा, तुझ्या आज्यानं आणलाय का तो?"

आज मात्र त्याचा पाय ठरत नव्हता. दगडांवर लोकांनी खरडलेली नावं टिपायला ग्रेटा नावाची मुलगी आली होती, आणि सकाळपासून एकेक दगड उरकत खुर्चीकडे सरकत होती. स्पीरूनं तेल-टोमॅटो लावलेला पाव हातात घेतला आणि तसाच ठेवला. तीनदा फाटकापर्यंत जाऊन आला.

खरं असं होतं, की एकोणिसाव्या वर्षी त्यानंच त्या दगडावर खिळ्यानं 'सुंता' हे आवडत्या मुलीचं नाव कोरलं होतं. सुंता लाजली, मग त्याची बायको झाली. पुढं त्याला नेमकी इथलीच नोकरी लागली, तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता पेन्शनला दोन महिने उरलेले असताना राखणदारच चोर निघाला, हे गावभर होणार होतं.

"काका, खुर्ची उचला की."

"तिथं काही नाही."

"मग उचलायला काय जातंय?"

त्यानं खुर्ची उचलली आणि डोळे मिटून घेतले.

"खरंच की, काही नाही," ग्रेटा म्हणाली. "खुर्ची घासून घासून दगडाचा पापुद्रा गेलाय. पुढचा घेते."

सुटला बिचारा. पण सुटल्यासारखं वाटेना. लपवता लपवता त्यानंच ते पुसून टाकलं होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि दगडावरून बोटं फिरवू लागला.

"काका, हात!"

"नीट बघ ना, पोरी. इथंच होतं. तो हातातला दिवा तिरपा धर."

तिनं दिवा तिरपा धरला. पहिल्या अक्षराचं वळण तेवढं दिसलं.

"सुंता," तो म्हणाला. "लिही."

"एवढ्याशावरून कसं लिहू? कुणी कोरलं ते कळलं तर लिहिता येईल, त्याच्या नावासकट."

फाटकातला तिकीटवाला कान देऊन ऐकत होता. स्पीरूनं मुद्दाम आवाज चढवला.

"स्पीरू अत्तार्द. इथलाच राखणदार. लिही."