स्क्रीनवरचं धडाम

मंडळी, आज माझीच फजिती झाली!

देवासला वीस वर्षं केमिस्ट्री शिकवतेय. "पहले पानी, फिर एसिड" असं ओरडून ओरडून घसा बसला, पण नववीच्या पोरांच्या डोक्यात काही शिरेना. म्हणून सकाळी त्यांना कॉम्प्युटरवरची प्रयोगशाळा उघडून दिली. पठ्ठ्यांनी मुद्दाम ॲसिडमध्येच पाणी ओतलं. स्क्रीनवर धडाम! पोरं खिदळली, पुन्हा ओतलं, पुन्हा धडाम. मी वैतागले. गेला तास वाया!

दुपारी खऱ्या लॅबमध्ये बोलण्याच्या नादात मीच ॲसिडच्या बीकरवर पाण्याची बाटली तिरकी केली. तेवढ्यात सकाळी सगळ्यात जास्त धडाम करणारी तनू अगदी माझ्याच सुरात ओरडली, "मॅडम, रुको! पहले पानी!"

आता तुम्हीच सांगा, तास वाया गेला का?