घाट न चढणारं वारं

कर्जत स्टेशनात गाडीला मागून घाटाचं इंजिन लागेपर्यंत आई खिडकीचा गज धरून उभी होती. मी एकोणीस वर्षांचा होतो. सोलापूरच्या एका दैनिकात मुद्रितशोधकाची नोकरी लागली होती. वडिलांना जाऊन महिना झाला होता. वय एक्केचाळीस. खळ्यावर डोकं धरून बसले, एक अंग लुळं पडलं, तिसऱ्या दिवशी गेले. आजोबा आणि चुलते असेच गेले होते. गावात म्हणत, अंगावरून वारं गेलं.

"घाटावर जा रं," आई म्हणाली. "ह्ये वारं घाट चढत नाय."

घाटाखाली राहिलेल्या आणि माझ्यासारख्या वर गेलेल्या भावकीसाठी हे लिहितो आहे, कारण त्या वाक्यावर मी अठरा वर्षं जगलो. उपसंपादक झालो, लग्न झालं, ज्वारीची भाकरी अंगवळणी पडली. थोरला भाऊ शंकर खालापूरजवळच्या शेतावरच राहिला. चाळिसाव्या वर्षी तो गेल्याची तार आली. दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. तेही नोंदवतो.

तेराव्यानंतर, शंकर मुंबईच्या ज्या इस्पितळात गेला तिथल्या डॉक्टरीणबाई गावच्या घरी आल्या. शंकरला रक्तदाब नव्हता, तरी मेंदूत रक्तस्राव झाला होता. हा दुर्मीळ प्रकार घराण्यात उतरतो का, हे त्या शोधत होत्या. कागदावर त्यांनी पुरुषांचे चौकोन, बायकांचे गोल काढले. या आजारानं गेलेल्यांचे चौकोन काळे केले.

"घरातल्या मुली किती?"

"पोरी कशाला धरता बाय? त्या दिल्या घरच्या. तुमी डाक्टरीण का सोयरीक जुळवणाऱ्या?"

"तरी सांगा, आजी."

आईनं सांगितलं. मोठी आत्या तळेगावला दिलेली, छत्तिसाव्या वर्षी डोकं दुखतंय म्हणत गेली. धाकटी पुण्याला, तेहतिसाव्या. सासरच्यांनी एकीला दृष्ट म्हटलं, दुसरीला ऊन. आमच्याकडे दिलेल्या लेकीचं सुतक तीन दिवसांचं, आणि घरातल्या मेलेल्यांत नाव नाही. दोन गोल काळे झाले. दोन्ही घाटावरचे.

"म्हंजे चढलं का गं बाय वारं?"

"वारं नव्हे, आजी. हे रक्तातून येत असावं. तसं असेल तर बापाला असलेलं निम्म्या मुलामुलींत उतरू शकतं. कोणात आहे ते सांगणारी तपासणी आज नाही. म्हणून तर नावं हवीत, रक्त हवं."

माझा चौकोन त्यांनी रिकामा ठेवला. मग विचारलं, "तुम्हाला मुलं?"

आई माझ्याकडे बघत होती. 'एक मुलगी' हे दोन शब्द बोलायला मला फार वेळ लागला.

त्या कागदाची नक्कल सोलापुरात माझ्या टेबलाच्या खणात आहे. घर म्हटलं की आता तोच डोळ्यांपुढे येतो. भावकीनं आपल्या लेकींची, नांदत्या आणि गेलेल्या, नावं नि वयं मला कळवावीत. सुरुवात मी केली आहे. लता, वय नऊ. काल ती शाळेतून डोकं धरून आली. चष्मा लागेल, असं शेजारचे म्हणाले. मी तिला माझी बोटं दोन्ही मुठींत घट्ट आवळायला लावली, पुन्हा पुन्हा, डावी-उजवी ताडून बघत.

ती हसत होती. "बाबा, यात जिंकतं कोण?"